भार नसलेल्या भिंती

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

आमची इमारत फार नावाजलेली आहे गं. नुसतं लोखंड आणि काच. हे कौतुकाने सांगतात, सगळा भार खांबांवर, भिंतींवर कसलंच ओझं नाही. पण त्या काचेत खिळा कुठे ठोकू? बाबांचा फोटो खुर्चीवर बसवलाय. हे दौऱ्यावर गेले की मी त्याच्याशीच बोलते. खिडकी एकही उघडत नाही. पडदेही सगळ्यांचे एकाच रंगाचे, बाहेरून शोभा जाऊ नये म्हणून.

खाली विद्यार्थी इमारतीचं चित्र काढायला येतात. काल तिन्हीसांजेला दिवा लावला आणि जीव असा घुसमटला, की मी दोन्ही हातांनी काच बडवत सुटले. ओरडलेसुद्धा. एका मुलीने वर पाहिलं, मला हात केला आणि पुन्हा चित्रात मान घातली.

आई, दादाला पाठव. मला इथून घेऊन जाऊ दे. त्याला पत्ता शोधावा लागणार नाही, ही इमारत कुणीही दाखवेल.

तुझीच,
धाकटी