पार्सलचा काटा

१२ मार्च

दोन रेघा. दुसरी फिकट, पण आहे.

ऑपरेशनला दहा महिने झाले. वजनासाठी जठर छोटं करणाऱ्या डॉक्टरांनी बोट नाचवून सांगितलं होतं — दीड वर्ष मूल नाही. शरीर स्वतःच उपाशी असतं, बाळाला काय देणार? मी तेव्हा हसले होते. एकशे बारा किलोच्या मुलीला कोण विचारणार होतं!

मग विचारलं. डिसेंबरात लग्न झालं.

गोळी रोज घेत होते. एकही चुकली नाही.

१३ मार्च

आईला फोन. म्हणाली — "त्या हॉस्पिटलच्या कागदात होतं बहुतेक. ऑपरेशननंतर गोळ्यांवर विसंबू नका, असं काहीतरी."

कागद कुठायत?

"फाडले ना मी. तुझ्या सामानात सासरच्यांना सापडले असते म्हणजे?"

सासरी माहीत आहे ते इतकंच — मुलीनं डाएट केलं, आणि पोटावरचे पाच वण पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनचे. नवऱ्यालाही हेच. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणाली. मूठ माझी. झाकून धरायची मी.

२९ मार्च

डॉक्टरबाईंकडे. सासूबाई शेजारच्या खुर्चीत, फॉर्म त्यांच्या मांडीवर. "तू सांग, मी लिहिते. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." आधीची ऑपरेशनं? त्यांनी न विचारता लिहिलं — पित्ताशय. मग चष्म्यावरून बघून, "अजून काही?"

नाही म्हणाले.

कुरिअरच्या काउंटरवर दिवसभर मी हाच प्रश्न विचारते. आत काय आहे? लोक म्हणतात, कपडे. खोकं हलवलं की आत बाटली वाजते. मी 'कपडे' लिहिते.

८ मे

७१.२.

घरात वजनकाटा नाही, म्हणून दुकान उघडायच्या आधी पार्सलच्या काट्यावर उभी राहते. आज पॅकिंगवाल्या मावशींनी पकडलं. "काय गं, कुठे पाठवायचंय स्वतःला?" म्हटलं, लांब. म्हणाल्या, "मग 'नाजूक'चा शिक्का मारावा लागेल. सरळ उभी राहा."

घरी सासूबाईंचं ताट. "दोन जिवांची तू, आणि चिमणीसारखं काय टिपतेस?" आत मूठभर जागा. चार घास जातात, पाचवा अडकतो. मग बाथरूम, नळ सोडायचा, उलटी.

सगळे म्हणतात, होतं असं पहिले काही महिने.

१७ जून

सोनोग्राफी. बाळ तारखेच्या थोडं मागे आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमचं वजन चढायला हवं, ते उतरतंय कसं? खाता काय?

माझ्याआधी सासूबाई — "सगळं देते हो मी. टिकतच नाही तिच्या पोटात."

खरंच टिकत नाही.

१८ जून

नवऱ्यानं पोटाला कान लावला. विचारलं, येतंय काही ऐकू?

"तुझंच गुरगुरतंय. जेवलीस का?"

५ जुलै

६९.६. सत्तरच्या खाली! कॉलेजातसुद्धा नव्हते कधी.

मावशी म्हणाल्या, "पोट सोडून बाकी सगळी वाळलीस की गं."

२४ जुलै

साखरेची तपासणी. लॅबवालीनं पेलाभर ग्लुकोजचं पाणी पुढे केलं. "पाच मिनिटांत संपवा."

ऑपरेशनपासून गोड मला चालत नाही. लग्नानंतर एकदा चार चमचे आइस्क्रीम खाल्लं आणि अर्धा तास बाथरूमच्या फरशीवर पडून होते. इथे पूर्ण पेला. एक वाक्य बोलले असते तर पेला परत गेला असता. पण सासूबाई माझी पर्स धरून समोरच. "नाक दाबून पी. औषध समज."

प्यायले.

दहाव्या मिनिटाला घामानं निथळत होते. छाती धाडधाड. खुर्चीवरून कधी घसरले ते आठवत नाही. डोळे उघडले तर डॉक्टरबाई वाकलेल्या, सासूबाई माझे तळवे चोळतायत. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. तो नव्हता. सांगून टाकलं — जठराचं ऑपरेशन, मागच्या वर्षी मेमध्ये.

तळव्यांवरचा हात थांबला. परत चालू झाला नाही.

२५ जुलै

बाळ चारशे ऐंशी ग्रॅम. सहाशेच्या पुढे हवं होतं. पाचशेच्या आतल्या वस्तूला आम्ही खोकंसुद्धा वापरत नाही. पाकिटात जाते.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. तुमचा दोष नाही, जागाच कमी आहे, म्हणाल्या. दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, व्हिटॅमिनची इंजेक्शनं, दोन आठवड्यांनी परत मोजायचं. नाहीच वाढलं तर लवकर बाहेर काढावं लागेल — "आणि इतक्या लहान बाळाची मी काही खात्री देऊ शकत नाही."

नवऱ्यानं जुना फोटो मागितला. एकशे बारावाला. बराच वेळ बघत बसला. मला वाटलं, आता चिडेल.

"ही हसतेय," म्हणाला.

२६ जुलै

सासूबाईंनी सहा छोट्या वाट्या आणल्या. बाहुलीच्या भातुकलीतल्या असतात तेवढ्या. "आधी तोंड उघडलं असतंस, तर मी ताट भरून छळ कशाला केला असता?" दर दोन तासांनी घड्याळ लावून येतात. चमचा त्यांच्या हातात. दुकानातही डबा. मावशींना फोन करून विचारतात, खाल्लं का तिनं?

७ ऑगस्ट

पाचशे दहा. तीसच ग्रॅम. सगळ्यांचे चेहरे उतरले.

"नेमानं खाऊनसुद्धा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी स्वतः भरवते हो," सासूबाई म्हणाल्या. रडायलाच लागल्या. "माझंच काहीतरी चुकत असेल."

उद्या परत बोलावलंय. अ‍ॅडमिट करायचं का ते ठरवतील.

८ ऑगस्ट

या वहीतही खोटं लिहिलं.

मे महिन्यात उलटी आपोआप व्हायची. जूनपासून होत नाही. जूनपासून मी करते. कालही, वाटी रिकामी झाल्यावर, नळ सोडून. पाचवा घास आता अडकत नाही. पार्सलचा काटा दिसतो.

डॉक्टरबाईंच्या हातात द्यायला वही बरोबर नेतेय. तोंडी विचारलं तर मी नाही म्हणेन.