पाचशे तासांचं घर

शनिवार, ३ मे

नुसतं काँक्रीट ओतलंय जमिनीवर, आणि त्याला हे लोक घर म्हणतात! रुता त्यावर उभी राहून हात पसरून सांगत होती, "आई, ही माझी खोली, ही फेतूची, ही तुझी." म्हटलं, तीन माणसांना इतक्या भिंती कशाला? मायदेशी, आमच्या सवाई बेटावरच्या घराला एकही भिंत नव्हती. खांब, वर छप्पर, बस्स. पाऊस आला की झावळ्यांच्या चटया सोडायच्या, गेला की गुंडाळायच्या. रस्त्याने जाणाऱ्याला जेवायला हाक मारायची तर बसल्या जागेवरून मारता यायची.

लेकीचं तोंड उतरलं. माझी जीभ! नंतर वाईट वाटलं.

बुधवार, ७ मे

आज माझ्या नातीचं, फेतूचं इंजेक्शन. दर अठ्ठावीस दिवसांनी एक, आणि असं एकवीस वर्षांची होईपर्यंत. आता कुठे अकराची आहे. नुसता घसा दुखायचं निमित्त झालं नि ते पोरीच्या काळजावर जाऊन बसलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "एका खोलीत किती जण झोपता?" रुताने मान खाली घालून खरं सांगितलं — सहा. आम्ही तिघी आणि एसेराची मोठी तीन मुलं, त्याच्या गॅरेजमध्ये. बाई म्हणाल्या, "एवढ्या दाटीत हा आजार पुन्हा येणार. पुन्हा आला तर हृदयाची झडप टिकणार नाही."

एसेरा माझा धाकटा भाऊ. जावई सोडून गेला त्या दिवशी त्याने स्वतः गॅरेज रिकामं करून दिलं. सहा वर्षं झाली. एकदाही भाडं मागितलं नाही.

शनिवार, १० मे

पहाटे पाचला उठले. अळूच्या पानांत नारळाचं दाट दूध बांधून भाजलं. नीरफणस भाजला. कोंबडी केली, शेवया केल्या. घर बांधून देणाऱ्या संस्थेच्या माणसांनी आपापल्या डब्यातून पावाचे दोन-दोन तुकडे आणलेले. बघूनच जीव कळवळला. ही सगळी निवृत्त माणसं, एक पैसा न घेता आमच्या घराचे खांब उभे करतायत, आणि खातायत काय तर काकडीचा पाव!

रॉस त्यांचा मुख्य. सत्तरीचा आहे, पण अजून शिडीवर सरसर चढतो. "सुलिया, एवढं कशाला?" म्हणाला — आणि तीनदा वाढून घेतलं.

शनिवार, ३१ मे

भिंतींचे सांगाडे उभे राहिले. खिळे ठोकायच्या मशीनचा फटफट आवाज दिवसभर. मला आमच्या वडिलांच्या घराचं बांधकाम आठवत राहिलं. मी नऊ वर्षांची. थोरला सुतार आणि त्याची आठ माणसं पाच महिने आमच्याकडे राहिली. खिळा एक नाही, सगळं काथ्याच्या दोरीने बांधलेलं. म्हातारे झाडाखाली बसून मांडीवर दोर वळायचे, गोष्टी सांगायचे, आणि आई रात्रंदिवस चुलीपाशी. सुतार उपाशी राहिला, रुसला, की हत्यारं उचलून निघून जातो. मग त्या छपराला बेटावरचा दुसरा कुणी सुतार हात लावत नाही. पलीकडच्या आळीत तसं एक घर होतं. अर्ध्या छपराचं. माणसं त्यातच म्हातारी झाली. आई बोट दाखवून म्हणायची, "बघ, यांनी मासा वाढताना हात आखडला."

कसले दिवस होते! अजून त्या ओल्या काथ्याचा वास येतो मला.

शनिवार, १४ जून

रॉसच्या बायकोचा निरोप — त्याच्या पँटी आता बसत नाहीत. पाऊणशे पॅनकेक केले. एकही उरला नाही.

शनिवार, २१ जून

सगळी झोपलीत. लिहिते.

जेवणानंतर रॉसने मला बाजूला बोलावलं. हातात कामाचे तास मांडायची वही. "सुलिया, घरच्यांनी पाचशे तास काम करायचं, हे ठाऊक आहे ना? आधी दुसऱ्यांच्या घरांवर राबली ते धरून रुताचे दोनशे तीस झालेत. तुझा एकही नाही."

"एकही नाही? दर शनिवारी पहाटे पाचपासून राबतेय मी!"

"ते जेवण. जेवण धरत नाहीत. हातोडा, ब्रश, झाडू — हे धरतात. तू वहीत सही कधी केलीसच नाहीस."

जेवण घालायची सही करायची असते? आमच्यात कुणी ऐकलं असतं तर हसून हसून पडलं असतं. मी वहीकडे कधी बघितलंही नाही. मला वाटलं, सुतार जेवले म्हणजे घर होणार.

जुलै संपेपर्यंत तास भरले नाहीत तर संस्थेची समिती घर पुढच्या कुटुंबाला देणार. तेही नऊ वर्षं रांगेत आहेत म्हणे. रॉस बिचारा माझ्या नजरेला नजर देत नव्हता. रुताची सोमवार ते शुक्रवार विमानतळावर साफसफाई, रविवार प्रार्थनेचा, उरतो तो शनिवार. म्हणजे पाच शनिवारांत दोनशे सत्तर तास. माझ्या मूर्खपणाने पोरीचं घर गेलं. माझ्या मूर्खपणाने!

रविवार, २२ जून

प्रार्थनेनंतर रॉसला फोन केला. "तास कुणी भरले तर चालतात?"

"फक्त कुटुंबातल्या माणसांनी."

"कुटुंबातल्या कुणीही?"

"कुणीही," म्हणाला. भला माणूस. त्याला वाटलं, मी एखादा भाचा पाठवीन.

लगेच एसेराला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू फक्त चहा ठेव. बाकीचं माझ्यावर सोड."

शनिवार, २८ जून

एकेचाळीस जण आले! ओतारा उपनगरातले चुलते, त्यांच्या सुना, मावशीची नातवंडं, एसेराच्या बायकोचे चारही भाऊ. दोन बसगाड्या आणि एक ट्रक. रॉस हेल्मेट मोजत उभा.

"हे सगळे घरचे?"

"हो, पण सगळे आले नाहीत रे. काही जण ड्यूटीवर आहेत."

तो एवढा हसला की शिडीला धरून बसला. मग म्हणाला, "हातोडे अकराच आहेत." अकरा जणांनी हातोडे घेतले, बाकीच्यांनी माती ओढली, कुंपण रंगवलं, आणि उरलेल्यांनी गाणी म्हटली. गाण्याचे तास रॉसने धरले नाहीत.

मलाही त्याने खिळा ठोकायला लावला. पहिले सहा वाकले. सातवा सरळ गेला आणि मी ओरडलेच! मग वहीत सही केली. चार तास — सुलिया.

शनिवार, ५ जुलै

भिंतींना तक्ते लावायच्या आधी आतल्या लाकडावर घरच्यांनी नावं लिहायची, अशी या लोकांची रीत आहे. छान वाटली. एसेराने फेतूच्या खोलीत आपलं नाव लिहिलं, बायकोचं लिहिलं, पाचही मुलांची लिहिली. जागा उरली नाही म्हणून फेतूने स्वतःचं खाली, अगदी जमिनीलगत लिहिलं.

त्याची पाठ दुखते, तरी दिवसभर छपरावर होता. रुता सोडली तर सगळ्यांत जास्त तास त्याचेच.

शनिवार, १९ जुलै

पाचशे चार! रॉसने वही मिटली आणि मला मिठी मारली. मी रडले. रुता रडली. एसेरा म्हणाला, "आता तरी कुणी कोंबडी वाढा!"

रविवार, १७ ऑगस्ट

काल किल्ली मिळाली. रुताने ती दिवसभर मुठीत धरली होती. हप्ते भरायचेत अजून बरीच वर्षं, पण घर तिचं, हाकलणारं कुणी नाही. फेतूने खोलीत जाऊन दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मी बाहेरून म्हटलं, "अगं, आजीला कोंडतेस काय?" आतून उत्तर — "आजी, इथे कुणाचाच श्वास ऐकू येत नाही!"

तिला ते आवडलंय. मला मात्र त्या शांततेत झोप आली नाही. आज सकाळी उठून सवयीने दहा कप मांडले.

बुधवार, २७ ऑगस्ट

इंजेक्शन. डॉक्टरीणबाई प्रथमच हसल्या. छातीतला आवाज निवळतोय म्हणाल्या. "तिची खोली तिलाच राहू द्या. जपा हं." किती दिवसांनी आज पोटभर जेवले.

रविवार, ७ सप्टेंबर

एसेराच्या घरमालकाने घर विकलं. दोन आठवड्यांत निघायचंय. त्याने फोनवर हसतच सांगितलं — "ताई, बरं झालं ना, तुझं घर वेळेवर झालं." पुढे काही म्हणाला नाही. आमच्यात पुढचं म्हणावं लागत नाही. दिवसभर मला आमचं बिनभिंतींचं घर आठवतंय. तिथे कोण कधी आलं नि किती दिवस राहिलं, कुणी विचारलं नाही.

रुताला अजून सांगितलं नाहीये. सांगितलं तर ती आजच गाद्या पसरेल. तिच्या तोंडून मामाला 'नाही' निघणार नाही. सहा वर्षांचं मीठ आहे ते.

रविवार, २१ सप्टेंबर

एसेरा आला. व्हॅनच्या टपावर गाद्या, आत सातही जण. रुता 'या मामा' म्हणायला धावली. मी तिच्या आधी दारात पोचले. म्हटलं, "जेवायला रोज या. झोपायला नाही." त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. गाद्यांची सोडायला घेतलेली दोरी त्याने पुन्हा बांधली, आणि मी दार लावून घेतलं.