सरोवराकाठची उजवी बाजू

सेतुबल, १४ नोव्हेंबर

प्रिय देओलिंडाताई,

तू बरी असशील, अशी प्रार्थना करते.

शाळेत प्रार्थनेच्या वेळी आपण फ्रॉकच्या खिशातले भाजलेले चेस्टनट चोरून सोलायचो, आठवतं? सालं मात्र सगळी माझ्या खिशात. सिस्टर आल्या की सापडायचे मी. आज बाजारात तोच वास आला आणि पत्र लिहायला बसले.

इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो. बाल्कनीतल्या लिंबाला यंदा फळं धरली.

ताई, तो कोळी मी आहे.

तुझ्या संगणकातल्या खेळात, डोंगरमाथ्यावरच्या सरोवराशी तुला रोज भेटणारा दाढीवाला म्हातारा. तिथे ना खजिना, ना राक्षस, म्हणून कुणी फिरकत नाही. तू मात्र लाल झग्यातली तिरंदाज होऊन येतेस, हे तुझ्या सुनेनं, सेलियानं, पॅरिसहून मला सांगितलं. खेळ शिकवलाही तिनंच. तिला रागावू नकोस. आईच्या दफनाच्या दिवशी तू म्हणालीस, "पाहुणीसारखी आलीस, पाहुणीसारखी जा," आणि मी खरंच गेले. मग फोन करायला तोंड नव्हतं. दाढी लावून आले.

"आजोबा, सुरी त्या सपाट दगडावर ठेवा. इथे हत्यार घेऊन बसत नाहीत," असं तू पहिल्याच भेटीत लिहिलंस. मी सुरी ठेवली. खोटं मात्र खाली ठेवलं नाही.

गेल्या आठवड्यात तू डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगितलंस. मी विचारलं, "सोबत कोण?"

"टॅक्सीवाला."

"बहीण आहे म्हणाला होतात."

"आहे की. बोलावल्याशिवाय येणार नाही, आणि मी बोलावणार नाही. दोन्ही गाढवं एकाच आईची!"

मी हसले. त्या म्हाताऱ्याच्या आडून, तुझ्या एकटेपणावर हसले.

काल तू विचारलंस, "आजोबा, नेहमी माझ्या उजवीकडेच का बसता? तिकडे तर चिखल आहे."

तुझा डावा कान लहानपणापासून गेलेला. खेळात सगळं लिहूनच बोलायचं, तिथे कानाचं काय काम? पण माझे पाय आपोआप उजवीकडे वळतात. मी "सवय" एवढंच लिहिलं आणि पळाले. तू ओळखलं असशील. नसशील, तर मला अजूनच लाज वाटेल.

कोळ्याला मी खेळातून काढून टाकते आहे. गुरुवारी, तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी, गुआर्दाच्या रुग्णालयाच्या दाराशी उभी असेन. बोलावलेलं नाही, ठाऊक आहे. आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

सामान काठावर सोडते आहे. होडी सेलियाला दे. कंदील खिंडीत रोज वाट चुकणाऱ्या त्या नवख्या पोराला. गळ आणि टोपलीतले मासे तुझे. नको असतील तर मासे पाण्यात सोड, पण तसं मला कळवू नकोस.

तुझी धाकटी,
एर्मिनिया