भंगारातली नळी

दि. १४ नोव्हेंबर १९५६

इस्तारीभाऊले मनसारामचा रामराम.

इथी आम्ही खुशाल. धानोऱ्याकडं धान कापणी लागली असन. वच्छलावहिनीले नमस्कार सांग. चैतूची बायको गोकुळा जेवते का आता?

सीमेवरच्या चौक्यांले रेशन टाकणारी विमानं रोज उडून राह्यली. तुझ्या जागेवर मले मेकॅनिक केलं, हे मागच्या पत्रात लिहायचं राहून गेलं. मुद्दामच राहू दिलं.

तुले नोकरीवरून काऊन काढलं, हे तू किती खेपा विचारलं. सरकारी नासाडी थांबवा, असा हुकूम आला तेव्हा साहेबानं मले बोलावलं. वापरायची मुदत भरली का तू विमानाच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या काढून भंगारात टाकत होता. मीच म्हटलं, "साहेब, नळ्या चांगल्या असतात. इस्तारी सरकारी माल नासवते." तुझी जागा मले पाहिजे होती, भाऊ. पाना धरायले तूच शिकवलं, तरी पाहिजे होती.

तू गेल्यावर भंगारातल्या त्याच नळ्या मी धुतल्या अन् विमानात परत बसवल्या. साहेबानं सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

तुझा भाऊ चैतू धुक्यानं गेला, असं मी लिहिलं होतं. त्या दिवशी धुकं नव्हतं. पोते ढकलायले विमानात चढता चढता चैतू थांबला. म्हणे, "मनसाभाऊ, पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

मी म्हटलं, "जा बे, विमानात काय अत्तराचा वास येईन?"

सगळे हसले. तोही हसला अन् चढला. टेकडीच्या अलीकडंच विमानानं पेट घेतला. इथून दिसत होतं.

चौकशी लागली. जळक्या तुकड्यांत फाटकी नळी सापडली. "ही कोणं बसवली?" असं विचारलं. माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. तू ती पहिल्यांदा बसवली तेव्हाची सही रजिस्टरात आहेच. काढल्याचं पान साहेबानं फाडलं.

या महिन्यात पोलीस येतील. तू नाई म्हणशील तर ऐकणार कोण? नोकरी तुझी आधीच गेली, माझे लेकरं लहान आहेत. फक्त गोकुळाले पोलिसांच्या तोंडून तुझं नाव कळन, त्याच्या आधी तिले काय सांगायचं ते सांगून ठेव.

सुट्टीवर निघालेल्या जंगूच्या हाती हे देऊन राह्यलो. कोणाले दाखवलं, तर हे अक्षर माझं नाई असं मी म्हणन.

आता भाऊ म्हणायले तोंड नाई.

मनसाराम