पाकिटावरचं नाव

शॉमबर्ग,
१६ जानेवारी २००५

चि. सौ. हिमानीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

इथे रेखाकडे सगळे खुशाल आहेत. बर्फ गुडघाभर पडलं आहे. जावईबापू रोज सकाळी फावड्याने वाट मोकळी करतात आणि मी खिडकीतून सूचना देतो. त्यांना त्या ऐकू जात नाहीत, म्हणून आमचं बरं चाललं आहे.

चारुदत्त तुमच्या टाऊनशिपच्या कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, उभा राहणार, हे रेखाकडून कळलं. मला ते पसंत नाही. सांगलीच्या पोस्टात बत्तीस वर्षं काढली, निवडणुकीतले उमेदवार जवळून पाहिले. धडधाकट माणसाचीसुद्धा त्यात दमछाक होते. त्याला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची नोकरी आहे, मुलं मान देतात, तेवढं पुरे. लोक तोंडावर गोड बोलतील आणि पाठ फिरली की कीव करतील. तू त्याला तुझ्या पद्धतीने समजाव. माझं नाव मध्ये आणू नकोस आणि हे पत्र त्याला वाचून दाखवू नकोस.

तुझं मराठी आता सुधारलं आहे. मागच्या पत्रात फक्त अकरा चुका होत्या.

तुम्हां दोघांचं भलं चिंतणारा,
बाबा

वेस्ट विंडसर,
३० जानेवारी २००५

ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

हिमानीने तुमचं पत्र वाचून दाखवलं. वाचून दाखवू नकोस ही ओळही वाचली. ती चौथीत असताना अमेरिकेत आली, आपल्याकडची लपवाछपवी शिकायची तिची राहूनच गेली. (हे वाक्य मी निषेध नोंदवून लिहीत आहे. – हिमानी)

बाबा, सहा वर्षं तुम्ही या घरी पत्रं पाठवता. पाकिटावर हिमानी, मायन्यात हिमानी. मी शेजारच्या खुर्चीत बसून ‘त्याला सांग’, ‘त्याला जप’ ऐकत असतो. तुम्ही जन्मभर लोकांची पत्रं ज्याची त्याला पोचवलीत. माझं तेवढं माझ्या नावाने पाठवा.

आता एका माणसाची गोष्ट सांगतो. हेन्री फॉसेट नावाचा इंग्रज, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. पंचवीस वर्षांचा असताना वडिलांबरोबर शिकारीला गेला. वडिलांच्या बंदुकीतले छर्रे चुकून त्याच्या दोन्ही डोळ्यांत गेले. दहा मिनिटांत त्याने ठरवलं म्हणतात, की आयुष्याचे बेत बदलायचे नाहीत. पुढे केंब्रिजला अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. घोड्यावर बसायचा, मासे पकडायचा, बर्फावर स्केटिंग करायचा. निवडणुकीत पडला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. आंधळ्याचं पार्लमेंटात काय काम, असं लोक विचारत. शेवटी निवडून आलाच. तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनमध्ये नाच ठेवला आणि खर्च हिंदुस्थानच्या माथी मारला, तेव्हा भर सभागृहात त्याबद्दल जाब विचारणारा हाच.

गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. मीही पंचवीसचाच होतो. त्या दिवाळीत आयसेलिनला मित्राच्या अंगणात विझलेला भुईनळा तुम्ही पुन्हा पेटवायला गेलात आणि मी वाकून बघत होतो. चूक दोघांची होती. त्यावर आपण आजवर एक शब्द बोललो नाही. त्या दिवसापासून तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत. लहानपणी माझं गणित चुकलं की चार घरांना ऐकू जायचं. मी बदललो नाही, बाबा, अजूनही तितकाच चुकतो.

मी उभा राहणार आहे. आमच्या गावात स्टेशनपर्यंत धड फुटपाथ नाही. तो व्हावा असं मला वाटतं, आणि मागून तो मिळत नाही.

आपला,
चारुदत्त

शॉमबर्ग,
२० फेब्रुवारी २००५

चि. चारुदत्तास अनेक आशीर्वाद.

घे, लिहिलं तुझं नाव. पाकिटावर लिहिताना पेन दोनदा अडखळलं.

फॉसेटसाहेबांबद्दल जावईबापूंनी कॉम्प्युटरवर शोधून दिलं. गृहस्थ पुढे इंग्लंडच्या टपालखात्याचे मुख्य झाले हे तू लिहिलंच नाहीस. पोस्टमास्तराच्या मुलाने नेमकं तेवढंच गाळावं, याला काय म्हणावं? पार्सल पोस्ट त्यांनी सुरू केलं. बायकांना खात्यात जास्त नोकऱ्या दिल्या. बत्तीस वर्षं मी पार्सलं तोलली, पण तिकडे या कामाची सुरुवात कोणी केली ते ठाऊक नव्हतं. आता माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

पण ते साहेब होते आणि त्यांच्याच देशात होते. तू परक्या देशात, परक्या भाषेत, अनोळखी दारं ठोठावणार. एखाद्याने तोंडावर दार लावलं तर? तू ‘बरं’ म्हणून पुढे जाशील. मला इथे झोप लागणार नाही.

दिवाळीबद्दल लिहिलंस. त्यावर मला काही लिहिता येत नाही.

तब्येतीची काळजी घे. हिमानीला सांग, या वेळी सात चुका.

बाबा

वेस्ट विंडसर,
३ एप्रिल २००५

ती. बाबांस नमस्कार.

हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे, कागदावर पुठ्ठ्याची पट्टी सरकवत. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. चष्मा लावून वाचा. हे हिमानीच्या हातून जावं असं मला वाटलं नाही.

काल इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष प्रतापराव घरी आले होते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग मुद्द्यावर आले. गुढीपाडव्याला मंडळाला माझा सत्कार करायचा आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. फक्त त्याआधी मी उमेदवारी मागे घ्यावी, म्हणजे उगाच शोभा व्हायला नको. हे त्यांना कसं सुचलं, असं मी विचारलं. भला माणूस, खोटं बोलता येईना. खिशातून तुमचं पत्र काढून हिमानीच्या हातात दिलं.

‘माझ्या मुलाला चारचौघांपुढे उभं करू नका, त्याचं हसं होईल.’ बाबा, हे तुम्ही लिहिलंत. माझ्या पाठीमागे, माझ्याच गावातल्या माणसाला.

मी प्रतापरावांना सांगितलं की शाल नको आणि नावही मागे घेणार नाही. हसायचं त्यांनी खुशाल हसावं, मात्र मतदानाला यावं.

तुम्हाला सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. मी आंधळा झालो त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही. काठी आहे, कॉलेज आहे, हिमानी आहे. वाटतं ते याचं, की त्या दिवाळीत माझे वडीलही गेले. तेव्हापासून एक घाबरलेला, गोड बोलणारा म्हातारा मला जपतो आहे. तो मला नको आहे. तुम्हाला रागवायचं असेल तर रागवा, भांडायचं असेल तर इथे येऊन भांडा. दोन्ही जमत नसेल तर पत्र पाठवू नका.

चारुदत्त

वेस्ट विंडसर,
११ मे २००५

ती. बाबांना माझा नमस्कार.

काल मतदान झालं. चारुदत्त चौऱ्याऐंशी मतांनी पडला. त्याने निवडून आलेल्या बाईंना स्वतः फोन करून अभिनंदन केलं आणि फुटपाथची आठवणही करून दिली. मग घरी येऊन दोन प्लेट मिसळ खाल्ली. दोन वर्षांनी पुन्हा उभा राहणार म्हणतो. प्रतापकाका शेवटचे पंधरा दिवस आमच्याबरोबर दारोदार फिरले, हे तुम्हाला मुद्दाम कळवते.

सव्वा महिना तुमचं पत्र नाही. टपालाची पेटी तो रोज स्वतः जाऊन उघडतो. पाकिटं चाचपतो, मला आणून देतो आणि कोणाकोणाची आहेत ते विचारतो.

चुका मोजा, पण उत्तर लिहा.

तुमची,
हिमानी

शॉमबर्ग,
१७ मे २००५

चि. चारुदत्तास आशीर्वाद.

सव्वा महिन्यात सहा पत्रं लिहिली आणि फाडली. हे सातवं, फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

तुझे डोळे माझ्या हातून गेले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कोणाला लिहिलं नाही, तुझ्या आईलाही नाही, आणि ती न ऐकताच गेली. चूक दोघांची वगैरे तू लिहितोस ते मला मान्य नाही. भुईनळा मी पेटवला. ती चूक माझी आहे आणि माझीच राहील, तिच्यात वाटा मागू नकोस. प्रतापरावांना लिहिलं तेही चुकलं. हसं तुझं होईल अशी मला भीती नव्हती. तुला सगळ्यांपुढे काठी टेकत चालताना बघणं मला झेपणार नव्हतं.

आता निवडणुकीबद्दल. चौऱ्याऐंशी मतांनी पडलास, आणि हिमानी मिसळीचं कौतुक सांगते! काल रेखाने फोनवर तिला खोदून विचारलं, तेव्हा कळलं की स्टेशनामागच्या अपार्टमेंटांत तू गेलाच नाहीस, जिने फार म्हणून. तीनशे घरं! फुटपाथ ज्यांना हवा तीच माणसं सोडलीस? आंधळा म्हणून पडला नाहीस, आळशी म्हणून पडलास. लहानपणीही शेवटचं गणित असंच सोडून यायचास. मला इतका राग आला आहे की रेखाने दोनदा येऊन विचारलं, बाबा, तुम्ही एकटेच कोणाशी बोलताय?

चार जूनला येतो आहे, परतीचं तिकीट काढलेलं नाही. त्या तीनशे घरांपासून सुरुवात करायची. दारं तू ठोठावायचीस, जिने मी मोजीन. माझं इंग्रजी लोकांना कळत नाही, तेव्हा बोलणं तुझ्याकडे.

विमानतळावर तू स्वतः ये. हिमानीला गाडीजवळ थांबू दे. तिथे तो सरकता जिना आहे, त्यावर पाय ठेवायची मला फार भीती वाटते. माझा हात धरून मला खाली उतरव.

तुझा,
बाबा