पेनवाला टॅबलेट आणि एकवीस तारीख

४ ऑगस्ट, सोमवार

दामिनीचा फोन आला. सहा महिन्यांनी. मी मुद्दाम तीन रिंग होऊ दिल्या.

म्हणाली, सेकंड इयरचे परीक्षा फॉर्म सुरू झाले, शेवटची तारीख एकवीस, भरून टाक, वर्ष वाचेल. आवाजात काळजी होती. माझ्याशिवाय सहा महिने तिला जड गेले हे उघड आहे. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात म्हणाली, नोट्सचं टेन्शन घेऊ नको, शुभंकरच्या टॅबलेटमध्ये सगळ्या आहेत, तो पाठवीन म्हणाला.

रेकॉर्डसाठी लिहून ठेवतो. फेब्रुवारीत प्रोजेक्टसाठी दामिनीनं मला सोडून या वकिलाच्या पोरासोबत जोडी केली. कारण काय, तर त्याच्या टॅबलेटवर डायग्राम सुबक येतात. मी लॅबमध्ये फक्त स्पष्ट बोललो. सर म्हणाले, आवाज खाली कर नाहीतर बाहेर हो. मी म्हणालो, लॅब काय, कॉलेजच सोडतो. साठ पोरांनी ऐकलं. मग सोडावंच लागलं. तेव्हापासून मूर्तिजापूरला खुशालमामाच्या कृषी केंद्रात बियाणं अन् फवारणीची औषधं विकून राहिलो.

निश्चय: टॅबलेट घेणार. बजेटमध्ये, पण शुभंकरच्या नाकावर टिच्चून. फॉर्म त्याच्यावरच भरणार. नोट्स त्याच्यावरच काढणार. पहिला येणार. मग शुभंकर माझ्याकडे नोट्स मागेल, मी थोडा विचार करीन, आणि नाही म्हणीन.

५ ऑगस्ट, मंगळवार

बियाण्याचं काम आहे असं मामाला सांगून अकोल्याला गेलो. मोबाईलच्या दुकानात टॅबलेट दाखवा म्हटलं. दुकानदारानं विचारलं, कशासाठी पाहिजे?

आता त्याला काय सांगणार? खरं कारण एका शब्दाचं आहे, पण तो शब्द दुकानात बोलण्यासारखा नाही. मी म्हणालो, मल्टिपर्पज. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि निळ्या रबरी कव्हरचा एक काढला. त्याच्यावर हत्ती होता. म्हणाला, पोरं आपटतात पण फुटत नाही.

शत्रूंची यादी: १. शुभंकर. २. लॅबचे सर. ३. हा.

७ ऑगस्ट, गुरुवार

रिसर्च सुरू. आज चौदा व्हिडिओ पाहिले. एक म्हणतो चार जीबी रॅम भरपूर झाली. दुसरा म्हणतो चार जीबी घेणं म्हणजे पैसे नालीत टाकणं. आपण आठ घेऊ. स्क्रीन दहा इंचाच्या वर. पेन पाहिजेच. पेनशिवाय बदला होत नाही.

दामिनीचा मेसेज: भरला का?

वाचला. उत्तर दिलं नाही. दोन निळ्या खुणा पाहून बसू दे तिला.

संध्याकाळपर्यंत तिचा दुसरा मेसेज आला नाही. कामात असेल.

८ ऑगस्ट, शुक्रवार

बजेट कमी पडून राहिलं, म्हणून मामाला सामील करून घेतलं. योगायोगानं पुंजाजी आले होते. चार एकर सोयाबीनवाले. त्यांच्या पोरानं पिवळ्या पडलेल्या पानाचा फोटो मोबाईलवर पाठवला होता. मामा चष्मा वर-खाली करत होता आणि पुंजाजी विचारत होते, हा मोझॅक रोग आहे की नुसतं पाणी लागलं. मी लगेच म्हणालो, हेच पान टॅबलेटवर केवढं दिसेल.

मामाला पटलं. अर्धे मी देतो म्हणाला, पण कॅमेरा चांगला पाहिजे, सिम पाहिजे, उन्हात दिसलं पाहिजे आणि यंत्र दुकानात राहील. मी म्हणालो, आणि पेन. मामा म्हणाला, "पेन कायले? गल्ल्यात पाच पडले हायेत."

या माणसाला दूरदृष्टी नाही. पण अर्धे देतो आहे, म्हणून यादीत टाकत नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

शत्रूकडे काय शस्त्र आहे हे कळल्याशिवाय युद्ध होत नाही. नवीन अकाउंट काढलं. नाव अवनी. डीपीला जास्वंद. शुभंकरला लिहिलं, स्वस्तात टॅबलेट घ्यायचा आहे, तुम्हाला त्यातलं कळतं असं ऐकलं.

दोन मिनिटांत हा लांब मेसेज. आधी कागदावर लिहा की रोज त्याच्यावर काय करणार. वाचायचं असेल तर स्क्रीन बघा, शेतात न्यायचा असेल तर उजेड आणि बॅटरी बघा. सहा जीबीत भागतं. अपडेट किती वर्षं मिळतील ते बघा. पंधरा ऑगस्टच्या सेलची वाट बघा. चित्रं काढत नसाल तर पेनवर खर्च करू नका. आणि नुसता फॉर्म भरायचा असेल तर फोन पुरतो, काही घेऊ नका.

पेन नको म्हणतो. म्हणजे सगळी ताकद पेनमध्येच आहे. दुसऱ्या कोणाकडे येऊ नये म्हणून लपवतो आहे. बाकी सल्ला बरा आहे. शत्रूच्याच डोक्यानं शत्रूला पाडायचं, यात मला कमीपणा वाटत नाही.

शेवटी त्यानं विचारलं, कोणत्या कॉलेजला आहात? सापडला. अनोळखी मुलीची चौकशी करतो. स्क्रीनशॉट काढला, दामिनीला पाठवायला. मग लक्षात आलं की अवनी कोण हेही सांगावं लागेल. जपून ठेवला.

१३ ऑगस्ट, बुधवार

दामिनीचा फोन. म्हणाली, तुझा फोटो आणि सही पाठव, मीच भरून देते, पाच मिनिटांचं काम आहे. तिच्या मोबाईलमध्ये माझा फोटो. गॅलरी उघडून एक निवडलाही. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. मी म्हणालो, मी माझ्या स्वतःच्या मशीनवर भरणार आहे. तिनं विचारलं, कोणत्या मशीनवर? मी सस्पेन्स ठेवला.

तिनं उसासा सोडला. मला तो आवडला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सेल सकाळी दहाला उघडला. साडेदहा इंची, आठ जीबी, पेनवाला, एकच नग उरला असं लाल अक्षरात दिसत होतं. कार्ड मामाचं, ओटीपी मामाच्या मोबाईलवर, आणि मामा शाळेत झेंडावंदनाला. पळत गेलो. मामा पहिल्या रांगेत छाती काढून उभा आणि राष्ट्रगीत सुरू. हलता येईना. मी पण उभा राहिलो. बावन्न सेकंद. मग पाहुण्यांचं भाषण. मामानं मोबाईल काढला तोवर ओटीपी मेला आणि नगही गेला.

दुसरा निवडला. थोडा जाड, कॅमेरा मध्यम, पण वर्णनात ‘पेन सपोर्ट’ स्पष्ट लिहिलं आहे. वीस तारखेला येतो. एकवीसला फॉर्म. यालाच प्लॅनिंग म्हणतात.

१८ ऑगस्ट, सोमवार

दामिनीचा मेसेज: तीन दिवस राहिले.

आता मी उत्तर दिलं: तारीख वाढते.

ती म्हणाली, यंदा नाही वाढणार, नोटीस लागली आहे. मला हसू आलं. तारीख वाढणार नाही अशी नोटीस दरवर्षी लागते आणि दरवर्षी तारीख वाढते. आमच्या सीनियर्सच्या वेळी दोनदा वाढली होती. त्यात बावीसला पोळा. पोळ्याच्या तोंडावर कोण पोर्टल बंद करते? पहिल्या दिवशी फॉर्म भरणारे म्हणजे शुभंकर टाईपचे लोक.

२० ऑगस्ट, बुधवार

आला.

डब्यात टॅबलेट, चार्जर, सिम काढायची एक टाचणी. पेन नाही. डबा उलटा करून झटकला. कस्टमर केअरच्या बाईनं सांगितलं, सर, पेन सपोर्ट आहे, पेन नाही. वेगळा घ्यावा लागेल. ऑर्डर केला. सव्वीसला येतो.

शत्रू क्रमांक ४.

दुपारपासून टॅबलेट मामाकडे. पुंजाजी पानांची पिशवीच घेऊन आले. त्यांच्यामागे आणखी दहा जण. मामा एकेक पान काचेवर मोठं करून दाखवतो आणि लोक खाटेवर बसून पाहतात, जसं काही मॅच सुरू आहे. रात्री परत मिळाला तेव्हा काचेवर माती आणि बॅटरी चार टक्के.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी अकराला फॉर्म उघडला. सगळं जमत होतं, फक्त सही अडली. बोटानं करून पाहिली. कोंबडीनं उकरल्यासारखी आली. हीच सही हॉल तिकिटावर छापून येते, हॉल तिकीट बाकावर ठेवावं लागतं, आणि शुभंकर येता-जाता पाहणार. नाही. पेन येऊ दे, मग एकदाच, कायमची, झोकदार. तारीख वाढतेच आहे.

चार वाजता दामिनीचा फोन. मी कॉलेजच्या ऑफिसात आहे म्हणाली. कागदावर सही कर, फोटो काढ, आत्ताच्या आत्ता पाठव. साडेपाचपर्यंत बाबू थांबतात.

तिला माझी सही पाहिजे. मला फार बरं वाटलं. मी शांतपणे सांगितलं की सव्वीसला अशी सही पाठवीन, बघतच राहशील.

ती म्हणाली, "भगवंत, तू कोनावर सूड घेऊन राहिला बे? इथं तर तुह्या विरुद्ध कोनीच नाई."

आणि फोन ठेवला. चिडली की ‘बे’ म्हणते. सहा महिन्यांत पहिल्यांदा म्हणाली. बर्फ वितळतो आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. दुकान बंद. सगळं गाव बैलांच्या मागे. पोर्टल पाहिलं, ‘मुदत संपली’ दिसतं. सुट्टी आहे म्हणून वाढीव तारीख टाकायची राहिली असेल. सोमवारी टाकतील.

२५ ऑगस्ट, सोमवार

टाकली नाही.

सकाळच्या गाडीनं निघालो, बडनेऱ्याला उतरून ऑटोनं कॉलेजात. भांडायलाच गेलो होतो. गाडीत वाक्यं जुळवून ठेवली होती.

ऑफिसात बाबूंना नाव सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे तूच का तो? ड्रॉवरमधून एक प्रिंट काढून माझ्यासमोर ठेवली. माझा फॉर्म. पूर्ण भरलेला. फोटो जुन्या आयकार्डावरचा. वडिलांचं नाव, गाव, सहाही विषय, सगळं बरोबर. आईचं नाव पण. ते मी दामिनीला एकदाच सांगितलं होतं, फर्स्ट इयरला, कँटीनमध्ये, आणि तेव्हा ती दुसरीकडे पाहत होती.

फक्त खालची चौकट कोरी.

बाबू म्हणाले, गुरुवारी पोरगी एक वाजेपासून इथं बसून होती. तिच्यासोबत एक चष्मेवाला पोरगा होता, तो दोनदा प्राचार्यांकडे जाऊन आला की एक दिवस द्या म्हणून. "माह्याशी पन भांडला तुह्यासाठी. तुहा भाऊ लागते काय?"

मी म्हटलं, नाही. वर्गातला आहे.

सही आता करू का, विचारलं. कर म्हणाले, पन कामी येत नाई. मी केली नाही.

दामिनीला फोन लावला. उचलला नाही. लेक्चर सुरू असेल. खरंच असेल, सोमवारी अकरा ते बारा असतंच.

बाबूंनी विचारलं, मग आता कसं? मी म्हणालो, उन्हाळी परीक्षेला बसीन, मार्चमध्ये फॉर्म भरीन. ते म्हणाले, त्याचा फॉर्म फेब्रुवारीत असतो, पहिल्या आठवड्यात, आणि तारीख वाढत नाही.

हातावर लिहून घेतलं.