अमेरिकेची म्हातारी, चीनची म्हातारी आणि सोबतचा कागद

मु. आंबिवली,
मंगळवार

तीर्थरूप गोदाताईस धाकट्या राघोचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? (त्यांना सांग, विडी चालू ठेवून कितीही काढा प्यायला तरी तो फुकट.) पत्रास कारण काहीच नाही. फोनच करणार होतो, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि मग अख्खं कोलशेत मला सल्ला देतं, म्हणून म्हटलं लिहावं. पार्सलात साडी आहे आणि पाकिटात या पत्राबरोबर एक कागदही आहे. तो आपल्या नदीकडच्या शेतातल्या तुझ्या हिश्शाबद्दल आहे, पण त्याची घाई नाही. आधी पत्र वाच, चहा घे, मग सावकाश कागद बघ.

वर्षभरात मी जगातल्या दोन्ही महासत्ता पाहून आलो, हे तुला ठाऊक आहेच (चीनची छत्री तुला पोचली, अमेरिकेचे बदामही पोचले). तेव्हापासून नाक्यावर मला मान आहे. आपला भिवा, जो सख्खा धाकटा भाऊ असून माझं आजवर एक अक्षर ऐकत नव्हता, तोही खुर्ची देतो आणि विचारतो की दादा, खरं स्वातंत्र्य कुठे? मी दोन्ही देशांवर इतका खूश आहे की मला उत्तर द्यायला अर्धा तास लागतो. तुला थोडक्यात सांगतो.

चीनला मला आमचा पोरगा दिपेश घेऊन गेला. त्याचा धंदा हळदीच्या मांडवाच्या रोषणाईचा, आणि आपल्याकडच्या एका हळदीला जेवढे दिवे लागतात तेवढ्यात तिकडचं एखादं गाव उजळेल. ताई, काय तो बाजार! एका गाळ्यात एक बाई डब्यातला भात खात बसली होती. तिने जेवता जेवता दिपेशशी दोन हजार माळांचा सौदा केला, कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवून घासाघीस केली आणि नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. (नवरा शेजारीच खोकी बांधत होता, खाली मान घालून.) धंदा करायला कुणाची आडकाठी नाही. रस्ते असे की गाडीत भरलेला चहाचा कप डोलत नाही. सहा-सहा मजल्यांवरून लोकांच्या चड्ड्या काठीवर वाळतात, कुणी हरकत घेत नाही. हिंदी बोलणारी एक हुशार पोरगी आमची गाइड होती. मी तिला जेवताना विचारलं, तुमच्या सरकारबद्दल लोक काय बोलतात? ती म्हणाली, काका, अजून मोमो घ्या. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा मोमो वाढले. मी तीन वेळा विचारलं आणि एकवीस मोमो खाल्ले, पण सरकारबद्दल काही कळलं नाही.

मात्र परतताना तिनेच हळूच खिडकीतून बोट दाखवलं. हमरस्त्याच्या मधोमध एक जुनं दुमजली घर उभं होतं आणि रस्ता त्याच्या दोन्ही अंगांनी फाटून पुढे गेलेला. तिकडे जमीन सगळी सरकारची, घर असतं ते ठरावीक वर्षांच्या बोलीवर. तरीही त्या घरातल्या म्हातारीने सही केली नाही, म्हणजे नाहीच केली. अशा घराला ते लोक खिळा म्हणतात म्हणे, न निघणारा. म्हातारी गच्चीवर भाजी खुडत होती. मी गाडी हळू करायला लावली आणि तिला हात जोडले. तिनेही हात हलवला. तो नमस्कार होता की चालते व्हा, ते दिपेशला कळलं नाही, पण माझा ऊर भरून आला.

अमेरिकेत लेकीकडे, कल्पिताकडे दोन महिने होतो. पहिल्याच आठवड्यात बघितलं तर भर चौकात एक माणूस त्यांच्या राष्ट्राध्यक्षाचं चित्र घेऊन उभा, आणि चित्राला गाढवाचे कान! शेजारी पोलीस. मी तासभर लाठीची वाट पाहत थांबलो. शेवटी पोलीस त्याला एवढंच म्हणाला की जरा फुटपाथवर सरका, गाड्यांना अडचण होते. मी मनातल्या मनात सलाम केला. घरी येऊन त्याच आनंदात बनियन धुतलं आणि मागच्या अंगणात दोरी बांधून वाळत घातलं. तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं, सोबत माझ्या बनियनचा रंगीत फोटो. (त्यातली भोकंसुद्धा मोजता येत होती.) कल्पिता म्हणाली, बाबा, आधी ते काढा, दंड लागेल. म्हणजे बघ, स्वतःच्या पैशाचं घर, स्वतःचं अंगण. तिथे राष्ट्राध्यक्षाला गाढव म्हणता येतं पण बनियन वाळवता येत नाही, आणि चीनमध्ये नेमकं उलटं. तरी मी रागावलो नाही. महासत्ता म्हटली की थोडं इकडे-तिकडे चालायचंच.

आणि त्याच गावात मी ती सभा पाहिली. गावच्या कारभाराची सभा, कुणीही जाऊन बसावं. रस्ता रुंद करायचा होता आणि त्यात ऐंशीच्या घरातल्या एका बाईंच्या अंगणाचा तुकडा जाणार होता. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. बाई काठी टेकत उठल्या, चष्मा पुसण्यातच अर्धं मिनिट घालवलं आणि मग अशा कडाडल्या की नगराध्यक्ष लिहून घ्यायला लागले. मला इंग्रजी निम्मंच कळलं, पण त्यांचा नकार पूर्ण कळला. त्या बसल्यावर मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. सभागृहात मी एकटाच वाजवत होतो आणि कल्पिता माझा सदरा ओढत होती, तरी थांबलो नाही. नगराध्यक्षांनी माझेसुद्धा आभार मानले.

म्हणून मी नाक्यावर सांगतो, एखाद्या देशात स्वातंत्र्य किती हे बघायचं तर तिथली अडून बसलेली म्हातारी बघा. यावर भिवाने परवा विचारलं, दादा, मग आपल्याकडे? मी म्हटलं, अरे, चहा सांग. बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
राघो

ता. क. आता तो कागद. तो हक्कसोडपत्राचा मसुदा आहे. पेन्सिलीने तीन ठिकाणी फुल्या केल्यात, तिथे सही कर. पुढल्या गुरुवारी दिपेश गाडी घेऊन येईल, कल्याणला निबंधकांसमोर अंगठा आणि फोटो झाला की झालं. बिल्डर बावीस मजले म्हणतोय, आणि सात-बारावर माझं नि भिवाचं अशी दोनच नावं असली की काम सोपं होतं. आपल्यात बहिणी सोडतातच. आत्याने साडी-चोळीवर सोडलं, तिच्या आत्यानेही सोडलं होतं. साडी पैठणी आहे, तुझ्या भावजयीने, कलावतीने निवडलीय. माझी काही जबरदस्ती नाही हो. तुला पूर्ण स्वातंत्र्य आहे. फक्त गुरुवारच्या आत.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी कलावतीने पत्र मोठ्याने वाचायला लावलं. ती सुकट निवडत होती. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "त्या अमेरिकेच्या म्हातारीला भावूस होता का नाय?" मी म्हटलं, चहा टाक. ती म्हणाली, "चहा मगाशीच झाला." मग मी पाकीट उघडंच ठेवून पुन्हा लिहायला बसलो. ताई, बापूस आजारी पडला त्या वर्षी सातवीतून तुझं नाव काढलं. तू त्या नदीकडच्या शेतात गुडघाभर चिखलात भाताची आवणी केलीस आणि मी वर्गात बसून अमेरिकेची राज्यघटना पाठ केली. त्याबद्दल मला कुणी टाळी वाजवायला सांगितलं नाही, मलाही सुचलं नाही. लाज वाटते, म्हणून लिहूनच टाकतो.

ता. क. तिसरा. कागद काढून घेतलाय. भिवा आदळआपट करेल, त्याचं मी बघतो. तू गुरुवारी ये मात्र नक्की, बिल्डरच्या टेबलावर तिसरी खुर्ची तुझी. घासाघीस तूच कर, आम्हा दोघांना जमत नाही. साडी तशीच ठेवलीय, ती नेसूनच ये. आठ पानं पुन्हा लिहायचा कंटाळा आला, म्हणून वर जिथे जिथे कागद म्हटलंय ते वगळून वाच. आणि पाकिटात कागद सापडला नाही म्हणून पोस्टात भांडायला जाऊ नकोस. तू जाशील, म्हणून सांगतोय.